इंच कुणाचा? लिनक्सच्या पडद्यावरील अक्षरांच्या आकाराचा इतिहास

ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत होतो, संगणक पुन्हा सुरू होतो आणि लॉगिनच्या पडद्यावरील अक्षरे एकाएकी तिप्पट झालेली दिसतात. कधी उलटे घडते: मेनूतील अक्षरे इतकी बारीक होतात की अनुस्वार कुठला आणि रफार कुठला हे ओळखू येत नाही. फॉन्टची फाइल बदललेली नसते, तिच्यासमोर लिहिलेला '१० पॉइंट' हा आकडाही तोच असतो. लिनक्स वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षे छळणाऱ्या या प्रकाराचा दोष सामान्यतः नव्या ड्रायव्हरला दिला जातो. वस्तुतः त्याचे मूळ एका जुन्या आणि कधीच पुरता न मिटलेल्या प्रश्नात आहे. पडद्यावर एक इंच म्हणजे किती, आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा? (धागा)

आरंभ छापखान्यापासून करावा लागतो. शिशाच्या खिळ्याला उंची, रुंदी, वजन होते. अक्षराचा आकार म्हणजे त्या खिळ्याच्या अंगाचा आकार, हाताने चाचपता येईल असा. तरीही तो मोजायचा कशाने, यावर एकमत नव्हते. पॅरिसच्या फूर्निए याने १७३७ साली पॉइंटांचे पहिले कोष्टक प्रसिद्ध केले. पुढे १७८०च्या दशकात फ्रान्स्वा-आंब्रवाझ दिदो याने पॉइंटाची सांगड राजाच्या फुटाशी घातली: फ्रेंच इंचाचा ७२वा भाग म्हणजे एक पॉइंट, सुमारे ०.३७६ मिलिमीटर. लवकरच राज्यक्रांती झाली, राजा गेला, त्याचा फूटही गेला आणि मीटर आला. खिळे मात्र पुढेही राजाच्याच फुटाने मोजले जात राहिले. साच्यांत गुंतलेली मापे राजवटींपेक्षा चिवट असतात.

अमेरिकेत हा प्रश्न आगीने सोडवला. १८७१च्या शिकागोच्या महाभयंकर आगीत मार्डर, ल्यूस आणि कंपनी या ओतशाळेचे साचे नष्ट झाले. सर्व नव्याने घडवायचे तर एका प्रमाणबद्ध पद्धतीनेच घडवू, असे तिने ठरवले. १८८६ साली तिथल्या टाइप ओतणाऱ्यांच्या संघाने पॉइंट पद्धत स्वीकारली. हा अमेरिकन पॉइंट सुमारे ०.३५१४ मिलिमीटरचा, इंचात असे ७२.२७ पॉइंट बसतात. हे ०.२७चे शेपूट पुढे डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या प्रणालीने निष्ठेने सांभाळले. पोस्टस्क्रिप्ट ही भाषा घडवणाऱ्या अडोबीने मात्र १९८०च्या दशकात ते छाटून टाकले आणि इंचाचा नेमका ७२वा भाग हाच पॉइंट ठरवला.

जानेवारी १९८४मध्ये आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉशने या ७२चा मोठा सुरेख उपयोग करून घेतला. त्याचा ९ इंची पडदा ५१२ गुणिले ३४२ पिक्सेलचा होता आणि त्यावर इंचाला ७२ पिक्सेल बसत. म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक पॉइंट. पडद्यावर १२ पॉइंटांचे अक्षर आणि सोबतच्या छपाई यंत्रातून निघालेले अक्षर शेजारी धरले तर जुळत असे. पडद्यावरचा इंच आणि पट्टीवरचा इंच एकच असल्याचा हा अल्पकाळ.

मायक्रोसॉफ्टने वेगळा हिशेब मांडला. माणूस कागद हातात धरून वाचतो, पडद्यापासून मात्र साधारण एक-तृतीयांश अधिक अंतरावर बसतो. तेव्हा अक्षर त्याच प्रमाणात मोठे काढले तरच ते डोळ्याला कागदाइतके भासेल. ७२ला चार-तृतीयांशाने गुणले की ९६ येतात. विंडोजमध्ये हा 'तार्किक इंच' म्हणून रुजला: १२ पॉइंटांचे अक्षर १६ पिक्सेलांचे, पडदा कोणत्याही लांबीरुंदीचा असो. ९६ हा आकडा कोणत्याही काचेवर मोजून आलेला नाही. तो सोयीसाठी ठरवलेला आहे, आणि पुढच्या साऱ्या कथेत हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

लिनक्सला वारसा मिळाला तो तिसऱ्याच घराण्याचा. १९८४ साली एमआयटी या संस्थेत 'एक्स विंडो सिस्टिम' जन्मली आणि सप्टेंबर १९८७मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. लिनक्सच्या पडद्यावर तीच दशकानुदशके राज्य करत आली. तिची रचना करणाऱ्यांनी एक प्रामाणिक निर्णय घेतला होता. कोणताही प्रोग्रॅम एक्स सर्व्हरशी जोडला गेला की सर्व्हर त्याला पडद्याची मापे दोन प्रकारे सांगतो: इतके पिक्सेल आणि इतके मिलिमीटर. भागाकार प्रोग्रॅमने करावा. इंच ठरवून दिलेला नव्हता, मोजायचा होता.

तत्त्व उत्तम होते. व्यवहार तेवढा उत्तम नव्हता. एक्ससोबत येणारे ठिपक्यांचे फॉन्ट दोनच संचांत मिळत, एक ७५ डीपीआयचा आणि दुसरा १०० डीपीआयचा. प्रत्यक्ष पडदा ८३चा असला तरी या दोहोंपैकी एकावर समाधान मानावे लागे. ७५च्या संचात १० पॉइंटांच्या अक्षराला जेमतेम १० पिक्सेल उंची मिळे. रोमन लिपीचे त्यात कसेबसे भागते. शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार वा पायमोडका हलन्त वागवणाऱ्या देवनागरीचे त्यात भागणे कठीण. इंग्रजी मेनूत केवळ 'जरा बारीक' वाटणारा बदल मराठी मेनूत वाचनच थांबवतो, त्याचे कारण हे आहे.

२०००च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी एक्सएफटी ही प्रणाली आणली आणि फॉन्ट रेखाटण्याचे काम सर्व्हरकडून प्रोग्रॅमांकडे आले. आता अक्षरे बाह्यरेषांवरून कोणत्याही आकारात गुळगुळीत निघू लागली. याच काळाच्या ओघात, २००४मध्ये, रेड हॅटने भारतीय लिप्यांसाठी 'लोहित' फॉन्ट खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले. ते मुळात घडवले होते पुण्याच्या, 'श्रीलिपी'कार म्हणून परिचित असलेल्या मॉड्युलर इन्फोटेकने. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या अनेकांनी पाहिलेले पहिले नीटस अक्षर हेच. परंतु बाह्यरेषांच्या फॉन्टबरोबर एक नवी नाजूक परिस्थितीही आली. पूर्वी चुकीच्या डीपीआयमुळे फार तर ७५ऐवजी १००चा संच निवडला जाई. आता डीपीआयचा आकडा एका पॉइंटाचे किती पिक्सेल हे थेट ठरवू लागला. तो आकडा हलला की पडद्यावरचे प्रत्येक अक्षर हलणार.

मग तो आकडा यायचा कुठून? आधी तो वापरणाऱ्यानेच पट्टीने मोजून सर्व्हरच्या संरचना-फाइलीत मिलिमीटरांत लिहायचा असे. १९९४ साली वेसा या मानक संस्थेने मॉनिटरला स्वतःविषयी बोलण्याची सोय करून दिली. 'एडिड' नावाचा १२८ बाइटांचा एक छोटा दाखला मॉनिटरच्या पोटात साठवला जातो आणि तारेतून ग्राफिक्स कार्डाला वाचता येतो. जुन्या व्हीजीए जोडणीत १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना यासाठी राखलेल्या होत्या. त्या दाखल्यात पडद्याची लांबीरुंदी एका ठिकाणी सेंटिमीटरांत आणि दुसऱ्या ठिकाणी मिलिमीटरांत नोंदलेली असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे ओळखीची वाट दिसेल. एडिड हे अस्सल साधन आहे: समकालीन, प्रत्यक्ष संबंधिताने दिलेले, मध्ये नकलाकार नाही. आणि तरीही ते खोटे बोलू शकते. अनेक दूरचित्रवाणी संचांनी आणि काही मॉनिटरांनी आपली लांबी १६० मिलिमीटर आणि उंची ९० मिलिमीटर अशी नोंदवली आहे. भिंतभर संचाची रुंदी पोस्टकार्डाएवढी असू शकत नाही. उत्पादकाने १६:९ हे गुणोत्तरच मापाच्या रकान्यात भरून टाकलेले असते. ड्रायव्हरने या नोंदीवर विश्वास ठेवला तर १९२० पिक्सेल १६० मिलिमीटरांत, म्हणजे सव्वासहा इंचांत, बसवावे लागतात. डीपीआय येतो सुमारे ३०५ आणि ९६च्या हिशेबाने काढलेले अक्षर तिप्पट होते. आरंभी उल्लेखलेल्या तिप्पट अक्षरांचे रहस्य बऱ्याचदा एवढेच असते. प्रोजेक्टरची गोष्ट तर अधिकच अवघड, कारण त्याच्या चित्राची रुंदी भिंत किती दूर आहे त्यावर ठरते. कधी मधली स्वस्त तार किंवा दोन संगणकांना एक मॉनिटर वाटून देणारी पेटी एडिडचा निरोप पोहोचूच देत नाही.

या संशयास्पद साधनाचे काय करावे, यावर लिनक्सच्या जगात दोन पंथ पडले आणि त्या दोन पंथांची सीमा नेमकी ड्रायव्हरांमधून गेली.

एनव्हिडियाच्या स्वतःच्या बंदिस्त ड्रायव्हरने मूळ एक्सचे तत्त्व राखले. तो एडिड वाचतो, मिलिमीटर घेतो, भागाकार करतो आणि येणारा आकडा सर्व्हरला सांगतो. एक्स.ऑर्ग सर्व्हरने मात्र २००९मध्ये, १.७ या आवृत्तीच्या काळात, वेगळी वाट धरली. पडदे चालू असताना जोडणे-काढणे शक्य करणाऱ्या नव्या पिढीच्या खुल्या ड्रायव्हरांसाठी त्याने मोजमाप बाजूला ठेवले आणि सरसकट ९६ हा आकडा धरला. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी उलट-अभियांत्रिकीने घडवलेला नूव्हो हा खुला ड्रायव्हर, जो पुढे २०१०च्या आरंभी कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत दाखल झाला, तो या दुसऱ्या पंथात मोडतो.

परिणाम आकड्यांत पाहावा. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे ३४४ मिलिमीटर रुंद आणि १९२० पिक्सेलांचा असतो. खरा डीपीआय सुमारे १४२. नूव्होवर १० पॉइंटांचे अक्षर साधारण १३ पिक्सेलांचे निघते. बंदिस्त ड्रायव्हर बसवला की तेच अक्षर जवळजवळ २० पिक्सेलांचे होते, पट्ट्यांमधून बाहेर सांडते, बटणांवरचे शब्द तुटतात. जुन्या १९ इंची, १२८० पिक्सेलांच्या चौकोनी मॉनिटरवर उलटे होई. तिथे खरा आकडा सुमारे ८६, त्यामुळे ड्रायव्हर बदलताच अक्षर १३वरून १२ पिक्सेलांवर उतरे. एका पिक्सेलाची घट ऐकायला क्षुल्लक वाटते. देवनागरीत तो एक पिक्सेल म्हणजे शिरोरेघ आणि तिच्यावरची मात्रा यांमधली मोकळी जागा असते.

या दोन्ही वेळी नव्या ड्रायव्हरने खोटे सांगितलेले नाही. त्याने पूर्वीच्यापेक्षा वेगळ्या साधनावरून उत्तर दिले, एवढेच.

२००९च्या त्या निर्णयावर मोठा वाद झाला. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे रास्त होते: मॉनिटर आपले माप बरोबर सांगत असताना सर्व्हरने ते फेकून का द्यावे? ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांनी, ज्यांना छपाईशी ताडून पाहायचे आहे त्यांनी, पट्टीने मोजून घेतलेली मांडणी एका अद्ययावतीकरणात गमावली. बचाव करणाऱ्यांचेही म्हणणे खोटे नव्हते. एक्सच्या रचनेत अनेक मॉनिटर मिळून एकच मोठा पडदा होतो आणि त्याला डीपीआयचा आकडा एकच. लॅपटॉप १४२चा आणि शेजारचा २४ इंची मॉनिटर ९२चा असेल तर कोणता खरा म्हणायचा? शिवाय बहुतेक प्रोग्रॅम आणि संकेतस्थळे ९६ गृहीत धरूनच आखलेली होती. ग्नोमनेही आपल्या मांडणी-सेवेत ९६ हाच पाया धरला होता.

सोय म्हणून ९६ स्वीकारणे समजण्याजोगे आहे. ज्या रीतीने तो स्वीकारला गेला ती मात्र खटकते. सर्व्हरने 'माप ठाऊक नाही' असे म्हटले नाही; त्याने ९६ हा आकडा जुळावा म्हणून मिलिमीटरच उलट गणिताने तयार केले. आजही त्या सर्व्हरवर १९२० पिक्सेलांच्या पडद्याची एकूण रुंदी विचारली तर तो ५०८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर २० इंच, असे सांगतो. तो पडदा प्रत्यक्षात ३४४ मिलिमीटरांचा लॅपटॉप असला तरी. आणि त्याच वेळी 'एक्सरँडआर' ही आज्ञा त्याच पडद्यासमोर ३४४ लिहून दाखवते, कारण ती प्रत्येक मॉनिटरचे एडिड वेगळे वाचते. एकाच दरबारातून एकाच दिवशी निघालेली दोन विसंगत पत्रे!

वेबनेही शेवटी हाच मार्ग धरला. १९९६च्या पहिल्या सीएसएसमध्ये संदर्भासाठी ९० डीपीआय होता, पुढे तो ९६ झाला आणि २०११मध्ये पक्क्या झालेल्या २.१ आवृत्तीने एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल असे बांधूनच टाकले. संकेतस्थळावर 'एक इंच' लिहिले तर पडद्यावर पट्टीचा इंच येईलच असे नाही, हे आता मानकातच मान्य आहे.

मग बिघडलेली अक्षरे दुरुस्त कशी होतात? यावर मिळणारे उपाय परस्परविरोधी भासतात, कारण ते वेगवेगळ्या काळांतले थर आहेत. सर्वात जुना थर संरचना-फाइलीत मिलिमीटर लिहिण्याचा. त्याच्यावर सर्व्हर सुरू करताना डीपीआयचा आकडा देण्याचा. तिसरा एनव्हिडियापुरता: त्याच्या ड्रायव्हरला एडिडमधील माप वापरू नको असे सांगता येते किंवा '९६ गुणिले ९६' असा आकडा थेट लिहून देता येतो. चौथा एक्सएफटीच्या काळातला, वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरमधील एक्स-रिसोर्सेस फाइलीत 'एक्सएफटी डॉट डीपीआय' ही एक ओळ. पाचवा ग्नोमच्या अक्षर-प्रमाणाचा किंवा केडीईतील सक्तीच्या फॉन्ट-डीपीआयचा. त्यावर जीटीके आणि क्यूटी यांची आपापली पर्यावरण-चले आहेतच.

क्रम महत्त्वाचा. आधी 'एक्सडीपीवायइन्फो' या आज्ञेने सर्व्हरची समजूत काय आहे ते पाहावे, मग 'एक्सरँडआर'ने मॉनिटरचा दावा पाहावा, आणि शेवटी खरी पट्टी काचेवर ठेवावी. तिघांत फुटलेला साक्षीदार कोणता हे कळले की कोणत्या थरात हात घालायचा तेही कळते. मॉनिटरच खोटे बोलत असेल तर आकडा ड्रायव्हरच्या थरात बांधावा. माप खरे असून केवळ सवयीचा आकार परत हवा असेल तर एक्सएफटीची ओळ किंवा डेस्कटॉपची मांडणी पुरते. ही दुरुस्ती घर-फोल्डरमध्ये केली असेल तर डेस्कटॉप सुधारतो आणि लॉगिनचा पडदा तसाच राक्षसी राहतो, याने पुष्कळजण चक्रावतात. परंतु लॉगिनच्या वेळी कोणाचे घर उघडायचे हेच ठरलेले नसते, त्यामुळे ती फाइल वाचली जात नाही. आणि दोन थरांत एकदम दुप्पट मागितली की चौपट मिळते. जुनी ओळ काढल्याशिवाय नवी घालू नये.

२०१०च्या आयफोन ४ने इंचाला ३२६ पिक्सेल आणले आणि ९६च्या गृहीतकाची खरी परीक्षा सुरू झाली. ॲपलने त्यातून वाट काढली ती मोजमापाने नव्हे, पटीने: जुन्या एका बिंदूच्या जागी दोन गुणिले दोन पिक्सेल. लिनक्सनेही तेच उचलले. सप्टेंबर २०१३च्या ग्नोम ३.१०मध्ये दाट पडद्यांसाठी पूर्णांकी पट आली. २००८ साली क्रिस्टियान ह्योग्सबेर्ग यांनी आरंभलेल्या वेलँडने एक्सची जागा घेता घेता प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र पट दिली आणि शेजारी-शेजारी असलेल्या दोन विजोड पडद्यांचा जुना पेच बऱ्याच अंशी सुटला. दीडपट, सव्वापट अशा अपूर्णांकांसाठीचा अधिकृत शिष्टाचार मात्र नोव्हेंबर २०२२मध्ये आला. त्यात पट १२०च्या छेदाने सांगितली जाते. दीडपट म्हणजे १८०. जुने एक्स प्रोग्रॅम वेलँडच्या आत चालतात तेव्हा 'एक्सएफटी डॉट डीपीआय'ची ती ओळ अजूनही वाचली जाते, आणि तिचा आधार अजूनही ९६च आहे.

मिलिमीटरही गेलेले नाहीत. वेलँड प्रत्येक पडद्याची लांबीरुंदी प्रोग्रॅमांना मिलिमीटरांत कळवतो, आणि माप सांगण्यात अर्थ नसेल, उदाहरणार्थ प्रोजेक्टर जोडलेला असेल, तर तिथे शून्य येऊ शकते हे त्याच्या नियमातच लिहिलेले आहे. ग्नोमचा पडदा सांभाळणारा मटर हा प्रोग्रॅम एडिड वाचल्यावर १६०, ९० यांसारख्या जोड्या तपासतो आणि तशी जोडी आढळली तर माप खरे धरत नाही.